डार्ट्सवरचा सट्टा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

भुसावळ: लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधली जागतिक डार्ट्स (फळ्यावर छोटे बाण मारायचा खेळ) स्पर्धा बघतो. एका सामन्यात नावाजलेल्या खेळाडूला १.२५ भाव होता, समोरच्याला ३.६०. नावाजलेल्यावर लावले तर पैसे सुरक्षितच ना?

नाही. १.२५ भाव म्हणजे जिंकल्यास लावलेल्या शंभराचे १२५ परत. १०० ला १.२५ ने भागा, येतात ८०, म्हणजे भाव त्याला शंभरात ८० वेळा जिंकणारा धरतो. ३.६० ने भागा, येतात जवळपास २८. बेरीज १०८. दोघांपैकी एकच जिंकणार, म्हणजे बेरीज १०० च यायला हवी. वरचे ८ बुकीचे. ते वगळले तर याच भावाप्रमाणे तो खेळाडू शंभरात साधारण ७४ वेळा जिंकतो. तुमचे पैसे नुसते भरून निघायलाही ८० वेळा जिंकायला हवा. म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी ९३ च परत येतात. जळगावच्या सराफाकडे मजुरी बिलात वेगळी दिसते, इथे ती भावातच मुरवलेली असते. सामना कोणताही घ्या, ही बेरीज आधी करून बघा.

अमळनेर: रॉब क्रॉस २०१८ मध्ये पहिल्याच खेपेला जगज्जेता झाला. मग मोठा भाव असलेल्या नवख्यावर लावणे शहाणपणाचे नाही का?

क्रॉसने अंतिम सामन्यात फिल टेलरला ७-२ हरवले, हे खरे. पण असे विजेते लक्षात राहतात, पहिल्याच फेरीत घरी गेलेले नवखे कोणी मोजत नाही. तुमचा अभ्यास चांगला आहे, म्हणून एक हिशेब देतो. प्रत्येक लेग, म्हणजे सामन्यातला एक डाव, ५०१ गुणांवरून शून्यावर आणायचा आणि शेवटचा बाण डबलमध्ये (फळ्याच्या कडेच्या अरुंद कड्यात) किंवा मधल्या बुलमध्येच लागायला हवा. त्यामुळे सरस खेळाडूही लेग गमावतो. दर लेग जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेला खेळाडू आधी ३ लेग जिंकण्याच्या सामन्यात १०० पैकी ६८ वेळा जिंकेल, आधी ६ लेगच्या सामन्यात ७५ वेळा. सामना छोटा तितका उलटफेर जास्त. मात्र हे बुकीलाही ठाऊक असते आणि भावात आधीच धरलेले असते. हा अभ्यास सामना बघताना वापरा, फार मजा येते. पैसे लावू नका.

चोपडा: टेलिग्रामवर ‘फिक्स’ टीप मिळते. आधीच्या दोन बरोबर आल्या.

अर्ध्या लोकांना एका खेळाडूचे नाव कळवायचे, उरलेल्यांना दुसऱ्याचे. ज्यांचे बरोबर आले त्यांच्यातच पुन्हा तसेच करायचे. दोन फेऱ्यांनंतरही चौथा हिस्सा लोकांना सगळे खरेच वाटते. तुम्ही त्यातले. ग्रुप सोडा.

रावेर: मुलाने केळीचे आलेले पैसे सट्ट्याच्या आयडीवर (ऑनलाइन खात्यात) घातले. जिंकलेली रक्कम काढायला आता ‘आधी टॅक्स भरा’ म्हणतात. भरू का?

ताई, एक रुपयाही भरू नका. ही सरळ फसवणूक आहे. आजच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा, चॅट आणि यूपीआयच्या नोंदी पुसू देऊ नका. मुलगा पोलिसांना घाबरत असेल तर त्याला सांगा: पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. त्याला झोप नसेल, तो गप्प गप्प राहत असेल, तर १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. तिथे मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. पहिला फोन तुम्ही त्याच्याजवळ बसून लावा.