एकर विकण्याआधी अडथळा नळीच्या कोणत्या टोकाला आहे ते पाहावे

ताई, लग्नाला पाच वर्षे झाली, एचएसजीच्या (गर्भपिशवीत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेच्या) फिल्मवर दोन्ही गर्भनलिका बंद दिसल्या, आणि आता टेस्ट ट्यूब बेबीसाठी एकरभर शेत विकावे की दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घ्यावी, असे आपण परभणीहून विचारले आहे. त्याआधी अहवालात अडथळा नळीच्या कोणत्या टोकाला लिहिला आहे ते पाहावे. पुढचे बरेच निर्णय त्यावरच ठरतात.

नळी गर्भपिशवीला जोडलेली असते तिथेच ती बंद दिसत असेल, तर तपासणीच्या वेळी नळी आखडल्यामुळेही तसे दिसू शकते. माझ्या अहवालातही दोन्ही बाजू बंद होत्या. पुढे भूल देऊन, दुर्बिणीतून पाहत निळे औषध सोडले, तेव्हा ते उजव्या नळीतून सहज बाहेर आले. त्या टोकाचा अडथळा खरा निघाला, तरी पिशवीत दुर्बीण घालून बारीक तारेने तो काही वेळा मोकळा करता येतो.

अंडाशयाकडचे टोक चिकटून नळीत पाणी साठले असेल, तर गोष्ट वेगळी. नळी उघडता येते, परंतु आतले अस्तर खराब झालेले असल्यास ती पुन्हा चिकटते, आणि नळीतच गर्भ राहण्याचा धोका वाढतो. हे पाणी पिशवीत उतरून आयव्हीएफचे, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचे, यश जवळपास निम्म्यावर आणते, म्हणून आधी ती नळी काढतात किंवा क्लिप लावून बंद करतात. 'नळीच काढली तर मूल कसे होणार?' असे माझ्या सासूबाईंनी काळजीने विचारले होते. आयव्हीएफमध्ये स्त्रीबीज सुईने थेट अंडाशयातून घेतात आणि गर्भ पिशवीत सोडतात, त्यामुळे नळीचे काम उरत नाही. १९७८ मध्ये जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या आईच्या नळ्याही बंदच होत्या.

आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे क्षयरोग हे मोठे कारण आहे, आणि खोकला वा ताप नसतानाही तो पिशवीत असू शकतो. म्हणून पिशवीच्या अस्तराचा तुकडा त्यासाठी तपासायला लावावा. औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात व साधारण ६ महिने घ्यावी लागतात. खराब झालेली नळी या औषधांनी सहसा सुधारत नाही, तरी आजार थांबवणे आवश्यकच आहे. आपल्या यजमानांची वीर्यतपासणी झाल्याचे आपण लिहिलेले नाही. ती शस्त्रक्रियेच्या आधीच व्हायला हवी. आपले वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर नळी उघडून वाट पाहण्यात वर्ष घालवू नये, असे माझे मत आहे.

नळी उघडल्यानंतर पाळी चुकली, तर गर्भ नळीत नाही ना हे पाहण्यासाठी शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करावी, आणि त्याआधी एका बाजूला पोट दुखू लागले किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.