देवीची श्रमनिद्रा आणि आपली रविवारची दुपार

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांत कुठे ना कुठे 'दमले' हा शब्द आहेच. त्यातली तीन घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते पत्र वाचून मला स्वतःचीच दुपार आठवली, त्यामुळे सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते, वय 41, नोकरी फोर्टला. वन बीएचके, सासूबाई, नवरा, दोन मुलं. सकाळी साडेपाचला उठते, रात्री अकराला पाठ टेकते. रविवार फ्रिज साफ कर, कपाट आवर, आठवड्याच्या भाज्या निवडून ठेव यातच जातो. मोबाईलवर ते कोझी होमचे रील्स बघते, मऊ ब्लँकेट, मेणबत्ती, खिडकीत कॉफी, आणि आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये तीन बादल्या आणि रद्दी! दुपारी जरा आडवं झालं तर सासूबाई विचारतात, बरं नाही का गं? मलाही आतून वाटतं की हा आळस आहे, त्यापेक्षा स्तोत्र तरी म्हणावं. आमची कुलदेवता तुळजाभवानी. देवाधर्माचं सगळं करते, पण शांत वाटत नाही. घरात ऊब कशी आणू?

उत्तर : अगं, तुझी कुलदेवताच तुझ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन बसलीये, म्हणजे बसली नाही, झोपलीये! तुळजापूरला दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की देवीची मूर्ती सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात ते थेट कोजागरीपर्यंत, पाच दिवस. त्याला नावच श्रमनिद्रा आहे. नऊ दिवस महिषासुराशी लढून दमली म्हणून. आणि ही वर्षातली एकच झोप नाही, नवरात्राच्या आधी आठवडाभर असते आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधीही असते. म्हणजे मोठ्या कामाआधी झोप आणि कामानंतर पण झोप. पलंग पण नगर भागातून मानाने येतो, वाजतगाजत. देवीला कोणी विचारत नाही की बरं नाही का गं.

पंढरपूरला तर याच्याही पुढची गोष्ट. एरवी रोज रात्री विठोबाची शेजारती होते, शेजघर आहे, तिथे पलंग गादी उशा सगळं आहे. आषाढीच्या यात्रेत मात्र पलंग काढतात, कारण देव चोवीस तास दर्शनाला उभा, काकडा नाही शेजारती नाही. पण उभं ठेवतात तेव्हा पाठीशी मऊ कापसाचा लोड देतात आणि रुक्मिणीला तक्क्या देतात. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा. गरम पाण्याने स्नान, पायाला लिंबू साखर चोळतात, पलंग परत येतो आणि रात्री शिणवटा जावा म्हणून मसाल्यांचा काढा. (याच एकादशीला विष्णू चार महिने झोपायला जातो म्हणून तिला शयनी म्हणायचं आणि त्याच दिवशी विठोबाला डोळा लागू द्यायचा नाही, हे आपलं आपल्यालाच जमतं.)

हे सगळं का सांगतेय, तर नीट बघ, यातली एकही गोष्ट देव स्वतः करत नाही. पलंग दुसरं कोणीतरी घालतं, लोड दुसरं कोणीतरी लावतं, काढा दुसरं कोणीतरी उकळतं आणि दार दुसरं कोणीतरी लावतं. देवाने स्वतः उठून म्हटलं नाही की मी जरा पडते हं, पाचच मिनिटं. आपण मात्र हेच म्हणतो ना, पाचच मिनिटं. माझी आई म्हणायची. ताप असल्याशिवाय मी तिला दिवसा गादीवर बघितलेली नाही, पडायची ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, हाताची उशी करून, पदर तोंडावर घेऊन, आणि कोणाची चाहूल लागली की ताडकन उठून बसायची जशी काही चोरी पकडली गेली. आम्हा चार भावंडांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की तिला उशी द्यावी. आम्ही पाचवीपासून देवाला शेजारती करत होतो हं घरात, घंटा वाजवायला भांडायचो.

तेव्हा मेणबत्ती नंतर. पहिलं काम म्हणजे रविवारी दुपारी दोन ते साडेतीन तुझ्या घराला शेजारती हवी, आणि ती तू करायची नाहीस. घरातल्यांना शनिवारीच सांगायचं, भांडणाच्या सुरात नाही, कार्यक्रम सांगतात तसं. जेवणानंतरची भांडी नवरा आणि मोठं मूल घासणार, बेल वाजली तर ते बघणार, कुरिअर ते घेणार, माझी हेडफोनची वायर कुठेय हे मला विचारायचं नाही. पुण्यात एक ते चार दुकान बंद यावर अख्खा महाराष्ट्र विनोद करतो पण त्या लोकांना जमलं ना! ग्राहक परत गेला तरी चालेल पण वामकुक्षी होणार. (वामकुक्षी म्हणजे जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ पडणं. दोन तास घोरणं नव्हे, नाहीतर रात्रीची झोप जाईल आणि तू मला परत पत्र लिहिशील.) रविवारी दुपारचा स्वयंपाक पण आटप, मुगाची खिचडी, पापड, ताक, बास. चार भाज्यांचा थाट केलास तर दोन वाजता तू ओट्याशीच असशील.

सासूबाईंचं म्हणशील तर त्यांच्याशी लढू नकोस, त्यांना पक्षात घे. मला खात्री आहे की 'बरं नाही का' हे त्या टोमणा म्हणून विचारत नसतील, त्यांच्या वेळी बाईने दिवसा पडायला आजारपण हेच एक कारण चालायचं. पहिल्या रविवारी तू आधी त्यांची गादी घाल, म्हण आई तुम्ही पडा, मी पण पडतेय. एकदा त्यांना सवय लागली की मग त्याच मुलांना शू शू करतील, बघच तू.

आता घर. तीन बादल्या आणि रद्दी, हे तर सगळ्या वन बीएचकेचं राष्ट्रगीत आहे. नवीन काही विकत आणू नकोस. ऊब आणायची म्हणजे आधी काहीतरी काढायचं. रद्दी दे, बादल्यांपैकी दोन बाथरूममध्ये एकात एक घाल, आणि ग्रिलजवळची चार फूट जागा रिकामी कर, तिथे घडी केलेली गोधडी आणि एक लोड, एवढंच. ती जागा धुतलेले कपडे टाकायची नाही हे मात्र कडक, कारण आपल्याकडे कोणतीही मऊ सपाट जागा चोवीस तासात वाळलेल्या कपड्यांचा डोंगर होते.

दुसरं म्हणजे लाईट. आपल्या घरांत रात्री ऑपरेशन थिएटरसारखी पांढरी ट्यूब असते, त्या प्रकाशात भिंतीवरचा डाग आणि नवऱ्याचं टक्कल सोडून काही दिसत नाही. बल्बच्या खोक्यावर बघ, 6500 केल्विन लिहिलं असेल तर तो पांढराशुभ्र उजेड, 2700 लिहिलं असेल तर पिवळसर, जुन्या बल्बसारखा. एकच 2700 वाला आण. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावते ना, दिवा लावून झाला की तासाभराने ट्यूब बंद आणि हा चालू. मुलांचा अभ्यास असेल तर त्यांना टेबलावर वेगळा दिवा दे. पूर्वी दिवेलागणीनंतर घराचा आवाज आपोआप खाली यायचा, केर काढत नसत, बायकांची कामं संपत नसत ते सोडा, पण घर निदान मंद व्हायचं. आता ट्यूबखाली रात्री दहा वाजता पण दुपारचे बारा वाजलेले असतात.

स्तोत्र म्हणावं की पडावं, तर पड. उठून म्हण. झोपाळलेल्या डोळ्यांनी, पुढची ओळ म्हणता म्हणता कणिक मळायचीये हे आठवत म्हटलेलं स्तोत्र तुझं तुलाच ऐकू जात नाही. आणि एक, हे देवाधर्माचं नाही पण लिहितेच. एकदा हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे. सगळाच थकवा मनाचा नसतो, कधी कधी साधं लोह कमी असतं आणि बाई बिचारी स्वतःला आळशी म्हणत राहते.

प्रश्न : नमस्कार. मी साताऱ्याचा, वय 63, सरकारी नोकरीतून निवृत्त. आता वेळच वेळ आहे तरी चैन नाही. म्हणून शिस्त लावून घेतली. पहाटे चालणं 8000 पावलं, मग 11 माळा जप (बोटातला डिजिटल काउंटर घेतला आहे), दुपारी ध्यान 40 मिनिटं. पण ध्यानात हमखास झोप लागते, मान पडते आणि मग अपराधी वाटतं. सौ. म्हणते तुम्ही घरात नुसते घुटमळता, मला बसू देत नाही. ध्यानात झोपणं हे पाप आहे का? उपाय सुचवावा.

उत्तर : पाप कसलं, जेवल्यावर बसलात तर झोप येणारच! दुपारचं ध्यान रद्द करा, त्या वेळी सरळ वीस मिनिटं झोपा, गादीवर, उशी घेऊन, सन्मानाने. ध्यान संध्याकाळी करा.

पण तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला वाटतं तुम्ही रिटायर झालाच नाहीत, फक्त खातं बदललंय. आधी फायली निकाली काढत होता, आता माळा. काउंटरवर 11 झाले की सही! रागावू नका, पण तो काउंटर महिनाभर कपाटात ठेवा आणि तुळशीची साधी माळ घ्या, मोजायचं नाही, कंटाळा येईपर्यंत जप करायचा आणि कंटाळा आला तर तसंच बसायचं. तसंच बसणं तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे. पहिले आठ दिवस हात सारखा मोबाईलकडे जाईल.

वारी केलीये का कधी? साताऱ्याचे म्हणजे लोणंद-फलटणला पालखी बघितली तर असेलच. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, आणि लोक म्हणतात वारकरी चालतो, चालतो, पण त्या सगळ्या वाटेवर विसावे ठरलेले आहेत. सकाळचा विसावा, दुपारचं जेवण, परत विसावा, मग मुक्काम. पुण्यात दोन मुक्काम, आणि दिवेघाट चढून गेल्यावर सासवडला पुन्हा दोन. घाट चढलो आता जोशात पुढे जाऊ असं कोणी म्हणत नाही. दिंडी विसाव्याला थांबली की माणसं झाडाखाली अशी झोपतात, पखवाज उशाला घेऊन, की बघणाऱ्याला हेवा वाटावा. तुम्ही मात्र घाटातच आहात, आणि तोही घरातल्या घरात.

आता सौ. काय म्हणतात ते. त्यांनी तुम्हाला उपाय दिलाय, तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिलात. चाळीस वर्षं दुपारी एक ते चार ते घर फक्त त्यांचं होतं हो. त्यांची शिवण, त्यांची मालिका, शेजारणीचा फोन, काय असेल ते. आता तिथे तुम्ही आलात, चहा कधी, चष्मा कुठेय, हे बटण कसं. त्यांचा विसावा तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी संपला. तर एक करा, वीस मिनिटांच्या झोपेनंतर उठून साडेतीनचा चहा तुम्ही करायचा. साखर कुठेय विचारायची नाही, डबे उघडून शोधायची. कप त्यांच्या हातात द्यायचा आणि वर सल्ला द्यायचा नाही. नंतर अंगणात किंवा गच्चीत तास दीड तास जाऊन बसा, म्हणजे त्यांना घर परत मिळेल. हा तुमच्या साधनेचाच भाग समजा, बाराव्या माळेच्या जागी.

प्रश्न : मावशी, मी डब्लिनला शिकायला आलेय, दुसरं वर्ष. स्टुडिओ अपार्टमेंट, डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो आणि मग मी सरळ लॅपटॉप घेऊन पांघरुणात जाते, तिथेच जेवते तिथेच अभ्यास, आणि रात्री झोप येत नाही. धूप लावला तर स्मोक अलार्म वाजला, अख्खी बिल्डिंग खाली! आईने पाठवलेली तुळस पण गेली. आता आई गोधडी पाठवते म्हणतेय, पण येणाऱ्या मैत्रिणीच्या बॅगेत तीन किलोचीच जागा आहे, मग गोधडी की लोणचं?

उत्तर : अगं चार वाजता अंधार पडतो म्हणजे तुझी तिन्हीसांज चार वाजता, घड्याळ काही का म्हणेना! त्या वेळी पांघरुणात शिरायचं नाही, उलट बाहेर पड, वीस मिनिटं चाल, मग घरी येऊन दिवा लाव. तेलातुपाचा लावायला घरमालकाच्या करारात परवानगी आहे का ते आधी बघ, नसेल तर बॅटरीचा लाव, देव करार वाचत नाही पण घरमालक वाचतो. शुभंकरोति येत असेल तर मोठ्याने म्हण, कोणाला कळतंय तिथे. धूप बंदच, आणि मोहरीची फोडणी देताना पण खिडकी उघड, तो अलार्म धुपाला आणि फोडणीला सारखाच घाबरतो.

पलंगावर लॅपटॉप नको, जेवण नको. एक खुर्ची खिडकीपाशी ओढ, अभ्यास आणि जेवण तिथे, पलंगावर फक्त झोप. एका खोलीत चार खोल्या करायच्या असतील तर एवढाच मार्ग आहे, आमच्या चाळीत आम्ही हेच करायचो, सकाळी गाद्या गुंडाळल्या की तीच खोली दिवाणखाना.

तुळशीचं वाईट वाटून घेऊ नकोस, तिला थंडी आणि कमी ऊन सोसत नाही, मे महिन्यात बी पेर, खिडकीत येईल.

आणि गोधडीच आण. लोणचं तिथल्या इंडियन दुकानात मिळतं, आईच्या लग्नातलं आणि आजीचं लुगडं एकात एक शिवलेलं मिळत नाही. फक्त आईला सांग दोनच थरांची शीव, थर वाढले की वजनही वाढतं.