माद्या वाढवू नका, माज ओळखा

प्रश्न : जनुकबदल केलेले भ्रूण सोडण्यासाठी आम्हाला आभासी गर्भार (वंध्य नराशी समागम होऊन, गर्भ नसतानाही शरीर गर्भारपणासारखे वागणाऱ्या) उंदीर-माद्या लागतात. नसबंदी केलेल्या दहा नरांजवळ वीस माद्या सोडतो. सकाळी प्लग (समागमानंतर योनीत घट्ट झालेली वीर्याची गुठळी) दिसतात दोन किंवा तीन. माद्या चाळीस कराव्यात का?

उत्तर : नको. चाळीस केल्यात तर पाचेक प्लग मिळतील आणि बाकीच्या पस्तीस जणींची उगाच धरपकड होईल. माजाचे चक्र चार ते पाच दिवसांचे असते. म्हणजे डोळे मिटून वीस उचलल्या तरी चार-पाच माजावर असायला हव्यात. नरांपासून दूर, दाटीने ठेवलेल्या माद्यांचे चक्र मंदावते, तिथेच बहुधा घोडे अडले आहे. जोडी लावण्याच्या तीन दिवस आधी नराच्या पिंजऱ्यातला मुतलेला भुसा माद्यांकडे टाका. तिसऱ्या रात्री बऱ्याच जणी एकदम माजावर येतात.

त्या दिवशी दुपारी चांगल्या उजेडात योनी पाहा. फुगलेली, उघडी, ओलसर गुलाबी, सुरकुत्या पडलेली असेल तीच मादी घ्या. मिटलेली, कोरडी, फिकट असेल तर राहू द्या. पिंजऱ्यातून काढताना नळी किंवा ओंजळ वापरा. शेपटीला लोंबकळवलेला उंदीर माणसाला बिचकत राहतो. तपासण्यापुरते शेपटीचे बूड हलके धरले तर चालते.

नराला प्लगनंतर दोन-तीन दिवस विश्रांती हवी. प्लगची नोंद नरागणिक ठेवा, म्हणजे फुकट बसून खाणारा कोण ते कळेल. प्लग सकाळी लवकरच पाहा. उशीर केलात तर तो गळून गेलेला असतो आणि मादी ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाते. प्लग मिळूनही न वापरलेली मादी मारायचे कारण नाही. आभासी गर्भावस्था दहा-अकरा दिवसांत ओसरते, दोन आठवड्यांनी तिला पुन्हा घेता येते.

प्रश्न : नसबंदीऐवजी जन्मतः वंध्य नर आणावेत का?

उत्तर : शुक्राणूंतल्या प्रोटामीन या प्रथिनाच्या जनुकात बदल केलेले असे नर असतात. ते प्लग देतात, पण त्यांच्यापासून पिल्ले होत नाहीत. शस्त्रक्रिया आणि नंतरच्या वेदना टळतात. मात्र हा वंश माद्यांमार्फतच चालतो आणि जन्मलेल्या नरांपैकी निम्मेच वंध्य निघतात. उरलेली भावंडे कुठे वापरणार, हे आधी ठरवा. वर्षाला आठ-दहाच नर लागत असतील, तर स्वतंत्र वंश पोसण्यात जास्त प्राणी वाया जातील. त्यापेक्षा नीट भूल आणि वेदनाशामक देऊन केलेली नसबंदी बरी, किंवा हे नर दुसऱ्या मोठ्या प्राणिगृहाकडून तयार घ्यावेत.