कोणी हात न लावता गाडीचा अलार्म रात्री आपोआप वाजतो. चावीचा सेल बदलला तरी थांबत नाही. काय बघावं?

बॉनेट उघडा. बऱ्याच गाड्यांत लॉकच्या आसपास, रबराची टोपी घातलेली, करंगळीच्या पेराएवढी काळी पिन दिसेल. तो बॉनेटचा स्विच. आधी तो बघा. सेल कशाला बदललात ते कळलं नाही. सेल संपला तर सहसा रिमोट चालत नाही, एवढंच.

एवढं ठासून सांगतोय, कारण गेल्या डिसेंबरात या पिनेनं इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत माझी पार अब्रू घालवली. पहाटे तीनला हॉर्न सुरू. कानटोपी घालून मी जिना उतरेपर्यंत तळमजल्यावरचे काका गॅलरीत हजर. बोलायचे काही नाहीत, नुसते बघायचे. वॉचमनमामांनी तर गाडी कचऱ्याच्या डब्यांशेजारी लावायला सांगितली.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, थंडीत बॅटरी बसते, व्होल्टेज पडलं की अलार्म वाजतो. तसं होतंही. पण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला मीटर लावला की कळतं: 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. त्यानं मीटर लावला नाही, मी विचारलं नाही, 4,800 रुपयांची नवी बॅटरी मात्र घेतली. चार रात्री शांतता, रविवारी पहाटे पुन्हा बोंब. मग सर्व्हिस सेंटरवाल्यानं लॅपटॉप जोडून सांगितलं, अलार्मचं मॉड्यूल, म्हणजे तो चालवणारी इलेक्ट्रॉनिक डबी, बदला, 14,000.

उलगडा केला बायकोनं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी तिनं अलार्मच्या रात्रींवर फुल्या मारल्या होत्या. सगळ्या शनिवार-रविवारच्या. आणि दर शनिवारी आम्ही कुठे? दिंडोरीला, साडूंच्या मळ्यात.

साडूंची द्राक्षबाग आहे, फवारणीचा जोरदार प्रेशरचा एचटीपी पंप आहे आणि पाहुण्याची गाडी धुऊन देण्याची भारी हौस आहे. बॉनेट उघडून थेट इंजिनावर गन. मी सात वर्षं सांगतोय, इंजिनावर पाणी मारू नका. ते सात वर्षं एकच म्हणतात, “साडूभाऊ, पावसात गाडी चालवता ना? मग?” अहो, पाऊस बॉनेट उघडून, नेम धरून पडतो का?

रविवारी पिनेची टोपी वर सरकवली. खाली हिरवट, खरखरीत थर, तांब्याच्या जुन्या कळशीवर चढतो तसा. पंपात बोर्डोचा, म्हणजे द्राक्षांवर मारायच्या मोरचूद-चुन्याच्या औषधाचा, अंश राहिला असणार, अशी मला दाट शंका आहे. सिद्ध करता येणार नाही. बॉनेट लावलं की ही पिन दाबली जाते आणि गाडीला कळतं, झाकण बंद आहे. आत पाणी मुरलं की कॉन्टॅक्ट धरसोड करतो, त्यात पहाटेचं दव, की गाडीला वाटतं कुणी बॉनेट उघडलं. दोन दिवसांत वाळलं की गुपचूप. नवा स्विच 240 रुपयांना आला, बसवायला पाच मिनिटं. त्यानंतर एकदाही वाजला नाही.

तुमच्या गाडीचं असं बघा: काच खाली करून रिमोटनं लॉक करा, मिनिटभर थांबा आणि बॉनेट पुढच्या बाजूला हातानं दाबून सोडा. बोंबलली तर चोर सापडला. तसंच दारं आणि डिकी एकेक करून हलवा, त्यांच्या कुलपातही असेच स्विच असतात.

हां, काही गाड्यांत आत हालचाल टिपणारा सेन्सर असतो. त्यांत काच उघडी ठेवली तर वाऱ्यानंही वाजेल, तिथे वरची परीक्षा उपयोगाची नाही. आणि अलार्म कंपनीचा नसून नंतर बाहेरून बसवून घेतलेला असेल तर माझी सगळी कथा विसरा. आधी डॅशबोर्डखाली शॉक सेन्सरची, म्हणजे धक्का टिपणारी, डबी शोधा आणि तिचा छोटा स्क्रू कमीच्या दिशेनं थोडा फिरवा. सेन्सर फार तीव्र असला तर शेजारून बुलेट गेली तरी अलार्म वाजतो. स्विचची वायर काढून अलार्म कायमचा गप्प करू म्हणाल, तर काही गाड्यांत वायर सुटली की उलट जास्त वाजतो.

इंजिन धुवायचंच असेल तर ओल्या फडक्यानं पुसा. साडूंनी परवा फोनवर विचारलं, “मग पावसात कसं होत नाही?” बॅटरीची पावती मी जपून ठेवली आहे, त्यातले निम्मे त्यांच्याकडून यायचे आहेत.