भाडं तिकिटांत मोजा

प्रश्न : ताई, आम्ही सहा जण दहा वर्षं हौशी नाटकं करतोय. एका बंद पडलेल्या छापखान्याची जागा भाड्याने मिळते आहे. ८० खुर्च्या सहज बसतील. तिथे स्वतःचं छोटं नाट्यगृह काढायचं आहे. आधी काय बघावं?

आधी त्या जागेत रात्री आठ वाजता जा. दिवे बंद करा, दार लावा आणि अर्धा तास गप्प बसा. आमचं नाट्यगृह काढताना मी बसले नव्हते. आमच्या तिसऱ्याच प्रयोगात आई गेल्याचं कळल्यावर मुलगी नुसती उभी राहते, असा प्रसंग होता. तालमीत त्या शांततेवर आम्ही आठवडा घातलेला. आणि नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडे कुणीतरी फ्लश ओढला. मग टाकी भरेपर्यंत ते सूं सूं सूं. प्रेक्षक हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. पुढे सतरा वर्षं आम्ही प्रयोग चालू असताना त्या संडासाला कुलूप घालतो. मध्यंतर नसलेलं नाटक असेल तर दारावर पाटी लावतो : आत्ताच जाऊन या.

त्याच अर्ध्या तासात अंधारही बघून घ्या. फटीतून येणारी प्रकाशाची एक रेघसुद्धा ब्लॅकआउटची वाट लावते. उजेडात टाळी वाजवा. ती घुमली तर शब्दही घुमणार. पडदे, कापड काहीतरी लावावं लागेल. (भरलेल्या प्रेक्षागृहात घुमणं कमी होतं, माणसं आवाज शोषतात. पण ते रोज भरत नाही.) सपाट जमिनीवर खुर्च्या मांडणार असाल तर चौथ्या रांगेत बसा आणि एकाला समोर जमिनीवर बसवा. त्याचे नुसते केस दिसतील. मागच्या रांगांना पायऱ्या हव्यातच, त्याने दहा खुर्च्या गेल्या तरी चालतील. बाहेर पडायला दुसरं दार नसेल तर मात्र जागा सोडून द्या. त्यावर चर्चा नको.

विजेचं गणित बहुतेक जण विसरतात. हजार वॅटचे बारा जुने दिवे एकदम लावले की बारा किलोवॅट झाले, पंखे-एसी वेगळे. मीटरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज घेता येते, ते आधी विचारा. एलईडी घेतलेत तर हा आकडा कितीतरी खाली येतो.

आता पैसा. भाडं रुपयांत मांडू नका, तिकिटांत मांडा. समजा भाडं, वीज आणि एका माणसाचा पगार मिळून महिन्याला ६४० तिकिटांइतका खर्च आहे. म्हणजे आठ प्रयोग हाउसफुल. पण प्रेक्षागृह निम्मं भरतं असं धरून चाला : चाळीस तिकिटं, सोळा प्रयोग. तेवढं झाल्यावर तुम्ही फक्त शून्यावर येता. नटांची नाइट (दर प्रयोगाचं मानधन), नेपथ्य, जाहिरात अजून बाकीच. सहा जण नोकऱ्या सांभाळून महिन्याला सोळा प्रयोग करणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून उरलेल्या तारखा कुणाच्या, हे जागा घेण्याआधी ठरवा. आमच्याकडे सकाळी नृत्याचे वर्ग असतात, दुपारी दुसऱ्या संस्थांच्या तालमी. पहिली दोन वर्षं मला त्याचा कमीपणा वाटायचा. पण नाटक पडलं तर सहा प्रयोगांत उतरवता येतं. रिकामी तारीख दर महिन्याला परत येते.

थोडे पैसे आधी जमवायचे असतील तर वर्षाचे वर्गणीदार करा. युक्ती जुनी आहे. आंद्रे आंत्वान हा पॅरिसमधल्या गॅस कंपनीतला कारकून. त्याने १८८७ मध्ये ‘तेआत्र लिब्र’ हे नाट्यगृह काढलं. पहिल्या प्रयोगाला आईच्या घरातलं फर्निचर हातगाडीवर घालून आणलं. नंतर त्याने सगळं वर्गणीवर चालवलं. प्रयोग खासगी ठरल्यामुळे सेन्सॉरचा जाच नव्हता. एवढं नाव कमावूनही १८९४ पर्यंत तो कर्जात बुडाला आणि त्याला ते सोडावं लागलं. म्हणून सांगते, वर्गणीचे पैसे आले की पहिल्याच नाटकाच्या नेपथ्यात उडवू नका. ते वर्षभराच्या चार नाटकांचे आहेत.

प्रश्न : ओळखीचे लोक हक्काने फुकट पास मागतात. नाही कसं म्हणावं?

‘नाही’ असंच. फुकट पासवाला पाऊस आला तर येत नाही आणि आलाच तर तिसऱ्या घंटेनंतर. ८० खुर्च्यांत पाच पास म्हणजे रांगेचा मोठा भाग. आमचा नियम असा : प्रत्येक नटाला आणि तंत्रज्ञाला एकेक पास, तोही पहिल्या प्रयोगालाच. ज्याला खरंच परवडत नाही त्याच्यासाठी रंगीत तालीम उघडी ठेवतो. नटांनाही समोर माणसं मिळतात. माझा सख्खा भाऊ तिकीट काढून येतो आणि बहिणीच्या नाटकाला पैसे मोजावे लागतात, हे दर वेळी आजूबाजूच्या खुर्च्यांना ऐकवतो.

प्रश्न : आमच्या गटात सगळे समान आहेत. तरी कुठलं नाटक घ्यायचं यावर दर वेळी भांडण होतं आणि शेवटी कुणालाच नको असलेलं नाटक निवडलं जातं.

मतदान करत असाल, दुसरं काय होणार! वर्षभरासाठी एकाने नाटकं निवडावीत. बाकीच्यांनी कुरकुर करावी पण तालमीला वेळेवर यावं. पुढच्या वर्षी माणूस बदला. हिशेब मात्र निवडणाऱ्याकडे नको, दुसऱ्याकडे द्या. आणि तिसरा माणूस किल्लीचा. प्रयोग संपल्यावर सगळे बाहेर गप्पा मारत असताना आत जाऊन दिवे, डिमर (दिवे कमीजास्त करायचं यंत्र), मेकअप रूममधली बटणं बघून कुलूप लावणारा. त्याचं नाव रोज फळ्यावर लिहा. पहिल्या वर्षी आमची इस्त्री रात्रभर चालू राहिली. सकाळी खालचं टेबल काळं पडलेलं होतं. आदल्या रात्री आम्ही नऊ जण होतो आणि नवांनाही वाटलं होतं, ती दुसऱ्या कुणीतरी बंद केली असेल.