डॅफोडिलची फुले सुकली, आता पाने कापून टाकू का?

नाही, फूल सुकल्यावर किमान ६ आठवडे पाने राहू द्या. ती आपणहून पिवळी पडून लोळली की मगच कापा. कारण पुढच्या वर्षीची कळी याच काळात कंदाच्या आत धरते आणि तिला लागणारे अन्न ही हिरवी पानेच बनवतात. घाई केली तर पुढच्या वसंतात नुसती पाने येतात, फूल नाही. पानांची वेणी घालणे किंवा रबर लावून जुडी बांधणे तर अजिबात नको, पानांना ऊन मिळत नाही. आत्ता एवढे करा:

- सुकलेले फूल मागच्या फुगीर बीजकोशासकट खुडा, हिरवा देठ ठेवा.
- माती कोरडी पडू देऊ नका. पालाश (पोटॅश) जास्त असलेले द्रवखत पाने हिरवी असेपर्यंत दर १०-१५ दिवसांनी द्या.
- कंद दाटीने वाढले असतील तर पाने वाळल्यावर उकरून सुटे करा आणि कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावा.

मोठ्या फुलांच्या संकरित ट्युलिपला मात्र हे सगळे करूनही दुसऱ्या वर्षी बहर कमीच येतो. तिथे दर हिवाळ्याआधी नवे कंद लावणे बरे.