माझे वडील नरकात गेले असतील का?

प्रश्न : माझे वडील वारले. सरळ माणूस, कुणाचं कधी काही बुडवलं नाही. पण तरुणपणीच त्यांचा देवावरचा विश्वास उडाला आणि पुन्हा ते चर्चची पायरी चढले नाहीत. अंत्यविधीनंतर एका नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘बायबलप्रमाणे ते नरकात गेले, हे तू मान्य कर.’ तेव्हापासून माझ्याकडून प्रार्थनाच होत नाही. बायबल खरंच असं म्हणतं का?

उत्तर : ताई, तुमच्या वडिलांबद्दल बायबल काहीच म्हणत नाही. नरकाबद्दल म्हणतं आणि ते शब्द कडक आहेत, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण अमुक एक मृत माणूस कुठे गेला हे जाहीर करण्याचं काम बायबलने तुमच्या नातेवाइकांना दिलेलं नाही, आणि मी पाळक असलो तरी मलाही नाही. मी कितीतरी जणांचे अंत्यविधी चालवले. त्यात मंडळीचे आधारस्तंभ होते, तसे कधी तोंड न दाखवणारेही होते. कबरीपाशी उभं राहून निकाल मी एकाचाही सांगितला नाही. तिथे मी 103 वं स्तोत्र वाचतो. आपण माती आहोत हे देव आठवणीत ठेवतो, असं त्यात म्हटलं आहे.

येशूने नरकाचा इशारा कुणाकुणाला दिला, ते एकदा शुभवर्तमान उघडून बघा. भावाला शिव्या घालणाऱ्याला दिला. दुसऱ्यांवर नियमांचं ओझं लादणाऱ्या शास्त्री-परूशी या यहुदी धर्मपुढाऱ्यांना दिला. आपल्या शिष्यांनाही दिला. ऐकणारा समोर जिवंत आहे, अजून मागे फिरू शकतो, म्हणून तो इशारा आहे. तोच उचलून मेलेल्या माणसाच्या मुलीपुढे ठेवला की त्याचा इशारा राहत नाही, नुसता घाव होतो. तुम्हाला तो घाव बसला, याचं मला फार वाईट वाटतं.

येशूने नरकासाठी जे नाव घेतलं ते यरुशलेमेजवळच्या हिन्नोमाच्या खोऱ्याचं. तिथे एके काळी लोकांनी स्वतःच्या मुलामुलींना आगीत होमलं. योशीया राजाने ती जागा कायमची अपवित्र करून टाकली. यिर्मयाच्या सातव्या अध्यायात देव त्या प्रकाराबद्दल म्हणतो की, मी अशी आज्ञा केली नाही, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. नरकाचं नाव काढताना हे वाक्य विसरून चालत नाही. यहेज्केलाच्या 33व्या अध्यायातही देव आपल्या जीविताची शपथ घेऊन सांगतो की, दुष्ट मरावा यात मला आनंद नाही, त्याने वळावं आणि जगावं.

आता मत्तय 25. राजा सिंहासनावर बसतो आणि मेंढपाळ मेंढरं व शेरडं वेगळी करतो तशी राष्ट्रं वेगळी करतो. उजवीकडच्यांना तो सांगतो की मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. डावीकडच्यांना सांगतो, दिलं नाहीत. यावर दोन्ही बाजू जवळजवळ एकच प्रश्न विचारतात : प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? या ठिकाणी मी दर वेळी थांबतो. आपला निकाल काय लागणार हे दोन्हीकडच्या कुणालाच आधी ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी स्वतःचा निकाल ऐकून लोक चकित होणार आहेत, त्या दिवसाचा दुसऱ्याचा निकाल आपण आजच कसा सांगणार?

तुमच्या नातेवाइकांच्या मनात बहुधा योहानाच्या तिसऱ्या अध्यायातली वचनं असतील : जो विश्वास ठेवत नाही त्याचा न्याय होऊन चुकला आहे. ती वचनं खरी आहेत आणि मी ती शिकवतो. पण तुमच्या वडिलांनी नेमकं कुणाला नाकारलं? ख्रिस्ताला, की ख्रिस्ताच्या नावाने कुणी त्यांच्याशी जे वागलं त्याला? शेवटच्या दिवसांत त्यांच्या मनात काय चाललं होतं? येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या गुन्हेगाराने मरतामरता ‘माझी आठवण ठेव’ अशी विनंती येशूला केली, ती लूकने आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळली. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की देव माणसांच्या गुप्त गोष्टींचा न्याय येशू ख्रिस्ताच्या द्वारे करील. न्यायाधीश कोण आहे हे बघा. जो कुष्ठरोग्याला हात लावायचा, तो.

ते स्वर्गातच आहेत, असंही मी लिहून देत नाही. तोही निकालच झाला असता. देव ज्या पापी नगराचा नाश करणार होता त्या सदोमासाठी रदबदली करताना पूर्वज अब्राहामाने विचारलं होतं की सगळ्या जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही का? तुम्ही हाच प्रश्न देवाला विचारा, रागाने विचारलात तरी चालेल. प्रार्थना होत नसेल तर 88 वं स्तोत्र मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.

प्रश्न : माणूस पाप करतो सत्तर-ऐंशी वर्षं आणि शिक्षा मात्र अनंतकाळ. हा कुठला न्याय?

उत्तर : हा प्रश्न मंडळीत पहिल्या शतकांपासून विचारला जातो आहे. ऑगस्टीन या बिशपने पाचव्या शतकात ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या 21व्या भागात त्याला उत्तर दिलं की गुन्ह्याला किती वेळ लागला यावर शिक्षेची मुदत ठरत नसते. खून क्षणात होतो. त्याच्या आधी चौथ्या शतकात न्यस्साचा बिशप ग्रेगरी याने आशा धरली होती की देवाची आग शेवटी सगळ्यांना शुद्ध करील. तिसऱ्या मताचे लोक मत्तय 10:28 दाखवतात, जिथे आत्मा व शरीर या दोहोंचा नाश करण्याची गोष्ट आहे. त्यांच्या मते दुष्ट माणूस अखेर नाहीसा होतो, छळला जात राहत नाही. तिन्हीकडे बायबल मनापासून मानणारी माणसं आहेत.

मी स्वतः पहिल्या, म्हणजे ऑगस्टीनच्या मताजवळ आहे, कारण मत्तय 25:46 मध्ये सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन एकाच वाक्यात येतं, आणि एक अर्धा भाग ठेवून दुसरा मला सोडता येत नाही. पण सगळ्यांना सारखीच शिक्षा, असं बायबल म्हणत नाही. लूक 12 मध्ये धन्याची इच्छा माहीत असलेल्या दासाला पुष्कळ फटके आहेत, माहीत नसलेल्याला थोडे.

लूक 16 मधला श्रीमंत माणूसही बघा. त्याच्या दाराशी लाजर नावाचा भिकारी फोडांनी भरून पडला होता, कुत्री त्याचे फोड चाटत होती. पुढे दोघेही मरतात, लाजर अब्राहामाजवळ जातो आणि श्रीमंत यातनांत. तिथेही हा श्रीमंत लाजराशी एक शब्द बोलत नाही. अब्राहामाला सांगतो, त्याला पाणी घेऊन पाठव. मग म्हणतो, त्याला माझ्या भावांकडे पाठव. लाजर अजून त्याच्या लेखी नोकरच आहे. माझी चूक झाली, असं तो कुठेही म्हणत नाही. ही गोष्ट म्हणजे परलोकाचा नकाशा नाही, पण माणसाचं मन किती घट्ट बंद होऊ शकतं हे तिच्यात दिसतं. पाप सत्तर वर्षांत संपतं, हे मला म्हणूनच पटत नाही.

प्रश्न : तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेने फुकट मिळतं, तर मग स्वर्गात प्रतिफळ कशाचं? आणि प्रतिफळासाठी चांगलं वागणं हा व्यवहार नाही का?

उत्तर : करिंथकरांस पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचा. पाया एकच, येशू ख्रिस्त. त्यावर कुणी सोनं-रुप्याने बांधतो, कुणी लाकूड, गवत, पेंढा वापरतो. आग लागली की पेंढ्याचं काम जळून जातं, पण तो माणूस मात्र वाचतो. म्हणजे तारण पायाला धरून आहे आणि प्रतिफळ बांधकामाला.

व्यवहार म्हणाल तर मत्तय 20 मध्ये द्राक्षमळ्याचा धनी तो पार मोडूनच टाकतो. दिवस संपायला तासभर उरला असताना आलेल्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते, आणि सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. त्यांची मजुरी एका पैशानेही कमी झालेली नसते. दुसऱ्याला मिळालं हेच त्यांना सलतं. उलट शिष्य म्हणून कुणाला गार पाण्याचा नुसता प्याला देणाराही आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही, असं येशू मत्तय 10 मध्ये सांगतो. त्या प्याल्याची किंमत धरून कुणी हिशेब केला तर तो जुळणारच नाही. देणारा देव उदार आहे, म्हणून तो पाण्याचा प्यालाही लक्षात ठेवतो.